धुमाळकाका आणि कोपऱ्यावरची पेटी

आमच्या कोपऱ्यावरची टपालपेटी काढू नका, असा सोसायटीचा अर्ज मी लिहिला, बत्तीस सह्या गोळा केल्या आणि तो पोस्टात टाकायला विसरलो. पोस्टाची जाहीर सभा शनिवारी. आधी पोचलेल्या अर्जांचाच तिथे विचार होणार होता. गुरुवारी अर्ज माझ्या ऑफिसच्या बॅगेत, डब्याखाली सापडला. चांगला तेलकट झालेला.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. घरोघरी फोन आले होते, पेटीत चार-दोनच पत्रं पडत, म्हणून ती काढायचं चाललं होतं. आमचं कुणाचं काही अडणार नव्हतं. अडणार होतं वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या धुमाळकाकांचं.

काका साताऱ्याकडचे. कळंबोलीच्या लोखंडबाजारात मुकादमी करून रिटायर झालेले. आवाज असा, की ट्रकनं आपणहून रिव्हर्स घ्यावा. पण जिन्यात गाठ पडली, की फक्त ‘पोस्टानं येईल’ एवढंच म्हणत. आणि यायचं. ‘तुमचा टीव्ही मोठ्यानं वाजतो’ हे कार्ड अकरा पायऱ्या उतरायला तीन दिवस लागले. तोवर टीव्ही बिघडून दुरुस्तीला गेला होता.

मी वर जाऊन गुन्हा कबूल केला. म्हटलं, “उद्या हातोहात नेऊन देतो की.”

“पेटीचा अर्ज, आन् हातानं?” काका माझ्याकडे बघतच राहिले. “सेक्रेटरी, तुमी सभेत नुसतं गप बसा. एवढं जमंल?”

माझा पराक्रम बायकोनं दोन दिवसांत बिल्डिंगभर पोचवला. तिला पोस्ट लागत नाही.

शनिवारी समाजमंदिरात पोस्टाच्या साहेबांनी काढायच्या पेट्यांची यादी वाचली. या पेटीबद्दल अर्ज नाही, सबब पेटी काढावी. मी चपलांकडे बघत होतो. तेवढ्यात दिवाळे गावातून आमच्याकडे मासे विकायला येणारी पारूमावशी उठली. कमरेच्या पिशवीतून तिनं एक कार्ड काढलं.

“सायब, ह्यो बघ. माजी पोरगी धावी पास झाली तवा आलेला हाय. आमचे घरान दुसरा कागद कवा आला नाय.”

साहेबांनी कार्ड चिमटीत धरून वाचलं. खाली सही धुमाळकाकांची. मग पहिल्या मजल्यावरच्या वहिनी उठल्या, त्यांच्याकडे बाळ झाल्याचं कार्ड. कुणाकडे नोकरी लागल्याचं, कुणाकडे सासरे गेल्याचं. टेबलावर ढीग झाला, सही सगळ्यांवर तीच. साहेबांनी यादीतल्या त्या ओळीवर तिथल्या तिथे काट मारली.

संध्याकाळी आम्ही पेटीला हार घातला, नारळ फोडला. आमच्या पोस्टमनलाही खोबरं दिलं. कुणीतरी कौतुकानं म्हणालं, “काका, तुम्हाला तर पोत्यानं पत्रं येत असतील.”

पोस्टमन उगाच सायकलची घंटी पुसायला लागला.

“आमाला कोण लिवतंय,” काका खोबरं चावत म्हणाले आणि वर निघून गेले.

सोमवारी मी कार्ड लिहिलं. दोन्ही बाजू भरून. गुरुवारी काकांनी मला जिन्यात अडवलं आणि कळंबोलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “काय घाणेरडं अक्षर ओ तुमचं, सेक्रेटरी. चारदा वाचावं लागलं.”