माशांची पंगत

माणसाला एखादं काम जमायला लागलं, की जगातली बाकीची सगळी कामं त्याला पोरखेळ वाटतात. मॅनेजरसाहेबांचं तसंच झालं होतं. ते एका कारखान्याचं कँटीन चालवत. रोज सहाशे माणसं तिथे जेवून जात. 'आज मजा आली बुवा' असं त्यातल्या एकानेही आजवर म्हटलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी! पण उपाशीही कोणी गेलं नव्हतं. त्यामुळे बायको आठवडाभरासाठी बहिणीकडे निघाली आणि दारात चपला घालता घालता तिने "माशांचं कसं करायचं?" असं विचारलं, तेव्हा मॅनेजरसाहेब नुसते हसले.

"अगं, सहाशे माणसांना जेवू घालतो मी! तुझे चाळीस मासे म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!"

"डाव्या हाताने काही करू नका," बायको म्हणाली. "आणि नीट ऐका. सगळ्यांचं खाणं एक नसतं. वरचे वेगळं खातात, तळातले वेगळं. आणि घालायचं ते चिमूटभर. चिमूट!" तिने बोटं जुळवून दाखवली. "आणि म्हातारबाला जपा."

म्हातारबा हा त्या फिशटँकमधला सगळ्यात जुना मासा. काळा, खरबरीत, तोंडाने काचेला चिकटून बसणारा. दिवसभर लाकडाच्या ओंडक्याखाली दडलेला असायचा आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात. लग्न होऊन आली तेव्हा बायको त्याला बरणीत घालून घेऊन आली होती. या घरात तिच्या माहेरचं म्हणावं असं ते एकच माणूस होतं.

"त्याला काही झालं ना, तर..." एवढ्यात खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला आणि वाक्य अर्धंच राहिलं. पण लग्नाला इतकी वर्षं झाली की अर्धं वाक्यही पुरतं.

संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी बाह्या सरसावल्या. डबा उघडला, चिमूट घेतली आणि पाण्यात सोडली. आता चिमुटी-चिमुटीत फरक असतो, हे बायकोच्या लक्षात यायला हवं होतं. सहाशे माणसांच्या आमटीत जी मिठाची 'चिमूट' पडते, तिला घरगुती भाषेत ओंजळ म्हणतात!

वर तरंगणाऱ्या गप्पी माशांनी एकच झुंबड उडवली. मधल्या थरातल्या टेट्रा माशांना चार तुकडे मिळाले. तळातले छोटे मांजरमासे मिशा हलवत राहिले आणि म्हातारबा तर ओंडक्याखालून बाहेरच आला नाही.

"बाबा, खालच्यांना काहीच मिळालं नाही," कॉलेजातून आलेली लेक म्हणाली.

हे वाक्य मॅनेजरसाहेबांच्या जिव्हारी लागलं. कोणी चवीला नावं ठेवली असती तर चाललं असतं, त्याची त्यांना सवय होती. पण आपल्या कँटीनमधून कोणी उपाशी जातंय?

"व्यवस्थेचा दोष आहे!" त्यांनी निदान केलं. "एकाच खिडकीवर सगळी गर्दी! काउंटर वेगळे करायला हवेत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फिशटँकच्या दुकानातून तीन डबे आणले. वर तरंगणाऱ्या पापड्या, हळूहळू बुडणारे दाणे आणि थेट तळ गाठणाऱ्या गोळ्या. मग घरच्यांची बैठक बोलावली. वरचा काउंटर अप्पांकडे, म्हणजे मॅनेजरसाहेबांच्या निवृत्त वडिलांकडे. मधला लेकीकडे. तळ आणि म्हातारबा ही जोखमीची कामं स्वतःकडे. योजना कागदावर झकास होती. पण माशांनी कागद वाचलेला नव्हता!

झालं असं, की ज्याच्या हाती डबा आला तो आपापल्या माशांचा वकील झाला.

"अरे, तुझ्या लेकीच्या टेट्रांनी माझ्या गप्पींचं खाणं पळवलं!" अप्पा ओरडले.

"आजोबा, उलटंच आहे! तुमचे गप्पी माझे दाणे खाली पोचूच देत नाहीत. त्यांची पोटं बघा, पोटं!"

"अंगाने भरलेत जरा. खात्यापित्या घरचे आहेत!"

"आणि माझ्या गोळ्यांवर दोघांचेही मासे बसलेत, त्याचं काय?" मॅनेजरसाहेब म्हणाले.

आपल्या माशांवर अन्याय होतोय अशी तिघांचीही खात्री पटली. मग अन्याय निवारण सुरू झालं, तेही एकमेकांच्या नकळत. अप्पा पेपर वाचायला टँकजवळ बसू लागले आणि दर पान उलटताना एक पापडी सोडू लागले. पेपरात पानं बरीच असत. लेक अभ्यासातून उठली की दाणे टाकायची आणि त्या दिवसांत ती अभ्यासातून फारच उठली. मॅनेजरसाहेबांनी तर म्हातारबासाठी खास मेनू केला. काकडीचे जाड काप! म्हातारबाने कापांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तेव्हा त्यांना वाटलं, रुसलाय. म्हणून त्यांनी आणखी मोठे काप केले.

दोन दिवसांत टँकमधलं पाणी भाताच्या पेजेसारखं दिसायला लागलं. तिसऱ्या दिवशी म्हातारबा सोडून सगळे मासे वर आले आणि पाण्याला तोंडं लावून उघडझाप करू लागले.

"बघा!" मॅनेजरसाहेब विजयाने म्हणाले. "तोंडं वासून मागतायत! इतकं घालूनही भूक भागत नाही. अरे, हे मासे आहेत की माझे रात्रपाळीचे कामगार!"

"बिचारे," म्हणत अप्पांनी मूठभर पापड्या सोडल्या. लेकीने दाणे सोडले. मॅनेजरसाहेबांनी गोळ्या सोडल्या. आणि तेवढ्यात चमत्कार झाला! ओंडक्याखालून म्हातारबा निघाला, सरळ वर आला आणि त्यानेही भलंमोठं तोंड उघडलं.

मॅनेजरसाहेबांचे डोळे पाणावले. "आला! शेवटी म्हातारबाही पंगतीला आला!" त्यांनी लगेच व्हिडिओ काढला आणि संपत आलेल्या डब्यांची भरती करायला दुकानात धावले. दुकानातल्या बाईंना त्यांनी तो व्हिडिओ कौतुकाने दाखवला, जसा कोणी नातवाचा दाखवावा तसा.

बाईंनी चष्मा वर केला, खाली केला आणि मोबाइल त्यांच्या हातात परत ठेवला.

"हे जेवायला मागत नाहीयेत."

"मग?"

"श्वास घेतायत! पाण्यात हवाच उरली नाहीये. खाली शिळं अन्न कुजतंय तुमचं. असंच चाललं तर उद्या सकाळपर्यंत सगळे पोट वर करून तरंगतील. हा म्हातारा सगळ्यात आधी."

बायकोचं ते अर्धं वाक्य मॅनेजरसाहेबांच्या कानात पूर्ण व्हायला लागलं. त्यांनी विचारलं, "मग आता काय करू?"

"हा हवेचा पंप न्या. तळातली घाण नळीने ओढून काढा. पाणी एकदम बदलू नका, रोज तिसरा हिस्सा बदला आणि नव्या पाण्यात हे औषध घाला."

"आणि खायला काय देऊ?"

"काही नाही."

"म्हणजे हलकं काहीतरी..."

"काही नाही!"

"पण निदान म्हातारबाला..."

"तुम्ही काय करता हो?"

"कँटीन चालवतो."

"वाटलंच," बाई म्हणाल्या आणि मागितलेले तिन्ही डबे त्यांनी परत फळीवर ठेवून दिले.

घरी युद्धपातळीवर काम सुरू झालं. अप्पांनी बादली धरली, लेकीने नळी पाण्यात बुडवली. दुसऱ्या टोकाने पाणी तोंडाने ओढायचं होतं. मॅनेजरसाहेबांनी ओढलं, आणि जरा जास्तच ओढलं. शिळ्या गोळ्या, कुजलेली काकडी आणि सगळ्या काउंटरांचा मिळून झालेला अर्क थेट घशात गेला! कँटीनमध्ये ते स्वतः कधी जेवत नसत, घरून डबा नेत. त्यामुळे आपण वाढलेलं अन्न चाखायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. ते बराच वेळ बेसिनपाशी वाकून उभे राहिले.

पंप बुडबुडे सोडायला लागला आणि हळूहळू मासे खाली गेले. म्हातारबा मात्र काचेला चिकटून राहिला, कल्ले जड जड हलवत. मॅनेजरसाहेब त्याच्यासमोर स्टूल टाकून बसले. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. तिने ज्याला बरणीत घालून सांभाळून आणलं, त्याला आपण प्रेमाने मारायला निघालो होतो.

"अरे, असा तोंड पाडून बसू नकोस," अप्पा खांद्यावर हात ठेवून म्हणाले.

"अप्पा, तुमची दुसरी मूठ उघडा."

"कशाला?"

"उघडा!"

मुठीत पापड्या होत्या. "एकच टाकणार होतो," अप्पा पुटपुटले. तेव्हापासून टँकवर पहारा बसला. उरलेले डबे मॅनेजरसाहेबांनी आपल्या कपाटात कुलूपबंद केले आणि किल्ली लेकीकडे दिली, कारण स्वतःवरही त्यांचा भरवसा राहिला नव्हता. रोज पाणी बदललं, रोज तळ साफ केला आणि खायला दाणासुद्धा घातला नाही.

रविवारी बायको परत आली. बॅग खाली ठेवायच्या आधी ती टँकपाशी गेली आणि तिथेच थबकली. मॅनेजरसाहेब दोन पावलं मागे उभे होते.

पाणी आरशासारखं लखलखीत होतं. गप्पींची पोटं सपाट झाली होती, टेट्रा चमकत होते, मांजरमासे तळ हुंगत हिंडत होते. आणि म्हातारबा! भर दिवसा ओंडक्यावर चढून तो लाकडावरचं हिरवं शेवाळ मन लावून खरवडत होता.

"अगबाई!" बायको काचेला नाक लावून म्हणाली. "किती तरतरीत दिसतोय हा! इतका मोकळा फिरताना मी कधी पाहिला नव्हता. मी उगाच काळजी करत बसले हो. काय खायला घातलंत याला?"

अप्पा पेपरात शिरले. लेक छताकडे बघू लागली. मॅनेजरसाहेबांना क्षणभर मोह झाला, पण म्हातारबा काचेतून त्यांच्याकडेच बघत होता. त्यांनी सगळं सांगून टाकलं. ओंजळ, काउंटर, काकडी, पेज, नळी, सगळं.

बायकोने शांतपणे ऐकून घेतलं. एकदा टँककडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे.

"म्हणजे तुम्ही जेवू घालत होतात, तोवर हे मरायला टेकले होते?"

"हो."

"आणि वाढणं बंद केलंत, तशी तब्येत सुधारली?"

"हो," मॅनेजरसाहेब जमिनीकडे बघत म्हणाले.

"अहो, मग तेवढं तुमच्या कँटीनमध्ये कोणाला कळू देऊ नका!"

त्यांनी अजून तरी कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही कुठे बोलू नका.