वर्लनचा अंगठा आणि न उघडणारा गळ

पुडक्यांवरचा मजकूर लिहिणारे तुम्ही जे कोणी असाल, तुम्ही खोटं बोललात. ‘हा गळ कधीच उघडणार नाही’ असं सोनेरी अक्षरांत छापलंत, खाली स्वतःचं नाव घातलं नाहीत, आणि जिथून तळं तर सोडाच, डबकंही दिसत नसेल अशा कुठल्याशा थंडगार खोलीत जाऊन बसलात. इकडे अलाबामात, हॅचर तलावाच्या काठी, तुमच्या त्या एका ओळीपायी एका माणसाची अब्रू गेली, परत आली आणि पुन्हा गेली. कशी ते ऐका. मध्ये बोलू नका. तुमचं बोलून झालेलं आहे.

त्या माणसाचं नाव वर्लन प्रुइट. शाळेची बस चालवतो, चर्चमध्ये खालच्या पट्टीत गातो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गेल्या एप्रिलात पाणगवतात त्याच्या गळाला एक बास जातीचा मासा लागला. होडीपर्यंत आला, वर्लनने त्याचं तोंड पाहिलं, आणि गळ उघडून सरळ झाला. वाकडा गळ, खिळ्यासारखा सरळ! मासा गेला. वर्लन तो खिळा घेऊन गावभर फिरला. “नऊ पौंडांचा होता,” म्हणाला.

झालं. त्या दिवसापासून वर्लनच्या शब्दाला किंमत राहिली नाही. बस बंद पडली म्हणून उशीर झाला असं तो म्हणाला की मास्तरीण विचारायची, “किती बंद पडली? नऊ पौंड?” गारा पडल्या म्हणाला तर न्हावी म्हणायचा, “केवढ्या रे? नऊ-नऊ पौंडांच्या?” त्याचा मेव्हणा हॉयट तर रविवारच्या जेवणात पाद्रीसमोर म्हणायचा, “दाजी, बटाटे वाढ जरा. तुझ्या माशाएवढे नको, खऱ्या माशाएवढे वाढ.” आणि हॉयटची बहीण, म्हणजे वर्लनची बायको ओपल, ती हसायची. तिचं हसणं वर्लनला सर्वांत जास्त लागायचं. बाकीचं गाव गेलं खड्ड्यात. पण ओपलने तरी म्हणावं, की हो, होता मासा.

म्हणून यंदा वर्लनने ठरवलं: मासा तोच, गवत तेच, फक्त गळ असा घ्यायचा की देव आला तरी उघडणार नाही.

गळांचं दुकान हॉयटचं. गावात दुसरं नाही. वर्लनला पात्याचा गळ हवा होता. हा एकच मोठा गळ असतो, पोटाला शिशाचा गोळा, गोळ्याखाली चमच्यासारखं पितळी पातं. वर रबरी मासळी चढवायची आणि टोक तिच्या पाठीत दडवायचं, म्हणजे गवतातून ओढलं तरी गवत अडकत नाही. पातं फिरतं, चमकतं, आणि दबा धरून बसलेला बास झडप घालतो. निदान पुडक्यावर तसं लिहिलेलं असतं.

“सगळ्यात टिकाऊ कोणता?” वर्लनने विचारलं.

“हा घे. कधीच उघडणार नाही. लिहिलंय बघ.”

“मागच्यावरही लिहिलं होतं.”

“मागच्यावर काळ्या अक्षरांत होतं, दाजी. हे सोनेरी आहे.”

वर्लनने प्रत्येक जातीचा एकेक गळ घेतला आणि घरी येऊन परीक्षा मांडली. ओसरीच्या तुळईला गळ टांगायचा, खाली वजन लावायचं. कुत्र्याच्या खाण्याची गोणी लावली. काही गळ तिथेच माना टाकून मोकळे झाले. ऐरण लावली, आणखी काही गेले. शेवटी सोनेरी अक्षरांवाला तेवढा उरला. त्याला लावण्याजोगं जड घरात काही शिल्लक नव्हतं. मग वर्लनने ओसरीवरच्या झोपाळ्याची एक साखळी काढून तो कोपरा त्या गळावर टांगला, आणि आत हाक मारली, “ओपल, शेंगा सोलायला इथे बस की. छान वारं सुटलंय.”

ओपल बसली. गळ हलला नाही. वर्लनला हुरूप आला, तोही शेजारी बसला. तरी गळ हलला नाही. तुळई हलली. कडाड्कन आवाज झाला आणि झोपाळा, ओपल, शेंगा, वर्लन आणि अर्धी तुळई अशा सगळ्यांची फरशीवर भेट झाली.

धुळीतून वर्लनचा आनंदी आवाज आला, “गळ बघ! ओपल, गळ बघ! जसाच्या तसा!”

“आधी माझं कंबरडं बघ, मेल्या!”

पण गळ ठरला.

गावच्या मासेमारी क्लबच्या स्पर्धेत जोड्या चिठ्ठ्या टाकून लावतात. वर्लनच्या होडीत आले ब्रदर एल्डन, आमच्या चर्चचे पाद्री. माणूस सज्जन, पण मासेमारीत त्यांचा मुख्य वाटा म्हणजे निघताना प्रार्थना आणि नंतर सँडविच. वर्लनने होडी थेट त्या जुन्या गवतात घातली. सकाळभर काही नाही. ब्रदर एल्डनची सगळी सँडविचं संपली, आणि तेवढ्यात गवत फुगलं, पाणी फुटलं, आणि वर्लनची काठी वाकून होडीखाली गेली.

“लागला!”

“काय लागलं? कुठे लागलं?”

“मासा, ब्रदर एल्डन! जाळी द्या!”

“जाळीवर मी बसलोय, भाऊ. जरा अडकलीय.”

पाद्री जाळीतून सुटेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. वर्लन गुडघ्यांवर बसला आणि बास उचलतात तसा त्याने अंगठा माशाच्या तोंडात घालून खालचा जबडा धरला. गळ जबड्याच्या कोपऱ्यातून आरपार निघालेला होता, टोक बाहेर. माशाने एकदाच मान झटकली. ते टोक वर्लनच्या अंगठ्यात शिरलं आणि उलट्या काट्यासकट पलीकडून बाहेर आलं.

आता मासा, गळ आणि वर्लन हे तिघे एक झाले.

वर्लन ओरडला. ती भाषा मी इथे लिहीत नाही. ब्रदर एल्डननी त्याला त्या भाषेची माफी दिलेली आहे.

“हलू नकोस, मी प्रार्थना करतो.”

“प्रार्थना मागाहून! पक्कड आणा आधी!”

पाद्रींनी पक्कड आणली, गळाला लावली, दोन्ही हातांनी दाबली. पकडीच्या धारेला खाच पडली. गळाला चरा पडला, बस्स. “फार उत्तम गळ आहे हो हा,” ब्रदर एल्डन मनापासून म्हणाले. “कुठून घेतलास?”

मेलेला मासा वजनाला आणला तर गुण कापतात, आणि उशिरा आणला तर मोजतच नाहीत. म्हणून वर्लन होडीत पालथा पडला, हात माशासकट होडीतल्या पाण्याच्या टाकीत, आणि होडी हाकायला बसले ब्रदर एल्डन, ज्यांनी आयुष्यात गवत कापायच्या यंत्रापलीकडे काही हाकलं नव्हतं. परतीचा रस्ता त्यांनी बराचसा गवतातूनच काढला. मासा अधूनमधून शेपूट मारायचा आणि वर्लन अधूनमधून गायचा, खालच्या नाही, वरच्या पट्टीत.

धक्क्यावर गाव जमलेलं होतं. वजनकाट्याशी हॉयट बसला होता, कारण क्लबचा मापारीही तोच. वर्लनला आणि माशाला एका पाण्याच्या घमेल्यासकट त्याच्यासमोर आणलं. हॉयटने घमेल्यात पाहिलं आणि त्याच्या तोंडातली तंबाखू तोंडातच राहिली.

“दाजी… हा तर…”

“वजन कर.”

हॉयटने तंबाखू थुंकली आणि मग त्याच्यातला मापारी जागा झाला. “करतो. हात काढ.”

“हात निघत असता तर मी असा आलो असतो का?”

“नियम आहे. काट्यावर माशाखेरीज काही चालत नाही. गळही चालत नाही, अन् अंगठाही चालत नाही.”

“मी हात सैल सोडतो की.”

“तू सैल सोडला की दाबला, मला काय कळणार? मागचा इतिहास आहे तुझा.”

गर्दीत हशा पिकला. कुणी म्हणालं, हातासकट वजन करा, मग हाताचं वजा करा. हॉयट म्हणाला, हात आधी वर्लनपासून सुटा करावा लागेल. कुणी म्हणालं, वर्लनलाच आख्खा काट्यावर घाला. त्यावर खरोखर थोडा वेळ विचार झाला. अशा वेळी आमच्या गावात सगळे हुशार होतात.

तेवढ्यात दवाखान्यातली नर्स मिस वँडा गर्दी सारत पुढे आली. तिच्या दवाखान्यात दाराशीच एक लाकडी फळी आहे. माणसांच्या अंगातून काढलेले गळ ती तिच्यावर ठोकून ठेवते आणि खाली नाव लिहिते. अर्धं गाव त्या फळीवर आहे. ब्रदर एल्डनही आहेत, कानामुळे.

“गळाचा काटा बाहेर आलेलाच आहे,” ती अंगठा निरखून म्हणाली. “मधे कापला की दोघं सुटले. दोन मिनिटांचं काम. कात्री आणा.”

हॉयटने दुकानातून तारा कापायची कात्री आणली. तिचं पातं तुटून घमेल्यात पडलं. एक शेतकरी सळया कापायची लांब दांड्यांची कात्री घेऊन आला. ती अंगठा आणि जबडा यांच्या मधे शिरेना, आणि शिरली तेव्हा वर्लनने असा आवाज काढला की शेतकरीच मागे सरला. गळाला आणखी एक चरा पडला.

“बघा!” हॉयट गर्दीकडे वळून म्हणाला. “माझ्या दुकानातला माल! सोनेरी पुडकं. थोडेच उरलेत.”

“हॉयट, मी इथून सुटलो ना, की तुला त्याच पुडक्यात भरीन.”

शेवटी कुणीतरी लोखंड कापायचं करवतीचं पातं आणलं. मिस वँडाने अंगठ्यात बधिरतेचं इंजेक्शन दिलं. माशाला काय द्यावं ते तिला ठाऊक नव्हतं. ब्रदर एल्डननी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. करवत चालू झाली. खर्र, खर्र. गळ अर्धा कापला गेला. वजनाची वेळ संपत आली होती, पण हॉयटसुद्धा आता घड्याळाकडे न बघता गळाकडे बघत होता.

आणि तेवढ्यात ओपल आली. कमरेला पट्टा, हातात काठी, झोपाळ्याची मेहेरबानी. तिला कुणीतरी फोनवर सांगितलं होतं की तुझ्या नवऱ्याला माशाने धरलंय. ती भांडायच्या तयारीनेच आली होती. घमेल्याशी आली, वाकता येत नव्हतं तरी वाकली. माशाला तोंडापासून शेपटीपर्यंत निरखलं. मग वर्लनकडे बघून हलकेच म्हणाली, “खरंच होता की रे.”

बस्स. वर्षभर ज्यासाठी तो माणूस झुरला ते चार शब्द. वर्लनचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, हिला वाकायला लावू नये, नीट दाखवावा. आणि करवतवाला “थांब, थांब!” म्हणेपर्यंत त्याने हात मासा धरून घमेल्यातून वर उचलला, पार डोक्याच्या वर, आणि म्हणाला, “हा बघ, ओपल!”

माशाने एकदाच शेपूट मारली.

ज्या गळापुढे पक्कड हरली, कात्री मोडली, घराची तुळई खाली आली, तो गळ टिक् करून मोडला. मासा उन्हात क्षणभर चमकला, धक्क्याच्या फळीवर एकदा आपटला आणि हॉयटच्या दोन पायांच्या मधून तलावात गेला. जाळी ब्रदर एल्डनच्या हातात होती. या वेळी ते तिच्यावर बसले नव्हते; प्रार्थना करत होते, डोळे मिटून.

हॉयटने काट्याकडे पाहिलं. काट्यावर शून्य. त्याने तसंच लिहिलं.

पण गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला इतकं बोललो नसतो. मासा गावाने पाहिला होता, म्हणजे वर्लनची अब्रू परत आली होती. तो न्हाव्याकडे गेला, तर न्हावी गिऱ्हाइकाला सांगत होता, “बारा पौंडांचा होता, मी शेपटीजवळ उभा होतो.” हॉयट दुकानात सांगत होता, “चौदा. माझा गळ होता म्हणून एवढा तरी वर आला.” ब्रदर एल्डननी प्रवचनात आकडा सांगितला नाही, पण दोन्ही हात असे पसरले की समोरच्या बाकावरचे मागे सरकले.

वर्लनने मात्र तो मासा अंगठ्यावर तोलला होता. सबंध तलावभर. त्याने दुकानात प्रामाणिकपणे सांगितलं, “अहो, चौदा कसला. नऊ पौंड. मागच्यासारखाच.”

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

“दाजी,” हॉयट दुखावल्यासारखा म्हणाला, “आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलाय. आता तरी खरं बोल.”

त्या रात्री जेवताना वर्लनने ओपलला विचारलं, “तूच सांग, नऊचा होता ना?”

ओपलने बटाटे वाढले. “चौदाचा होता,” ती म्हणाली. “तुला ना वर्लन, माशाच्या बाबतीत खरं सांगताच येत नाही.”

आता बस बंद पडली की मास्तरीण विचारते, “किती बंद पडली? नऊ पौंड?” तेच शब्द, तोच हशा. मोडक्या गळाचा तुकडा मिस वँडाच्या फळीवर ठोकलेला आहे, खाली वर्लनचं नाव आहे. तुमचं नाही. वर्लनने तुमच्या कंपनीला फोन केला तेव्हा तिकडच्या गोड आवाजाने सांगितलं की गळ चुकीच्या पद्धतीने वापरला गेला. चुकीच्या! अंगठ्यातून निघायला हवा होता तेव्हा निघाला नाही, माशाला धरायला हवं होतं तेव्हा धरलं नाही. तुमचा गळ बरोबर वापरायची पद्धत तरी कोणती?

मला गुळमुळीत काही नको. हा गळ तुम्ही माशासाठी केला होता, की वर्लनसाठी? एका ओळीत उत्तर द्या. अक्षरं काळी चालतील. पण या वेळी खाली नाव घाला.