डॉक्टर प्रॉसरांची मान

"हे बघ, हाड हा शब्दच तोंडातून काढायचा नाही," हॉस्पिटलच्या दारात गाडी थांबवताना कर्टने पुन्हा बजावलं. "मणका नाही, मान नाही, पाठ नाही. फक्त हृदय."

"आणि त्यांनीच विचारलं तर?"

"तर हवापाण्यावर बोल."

डॉ. लिओना विकस्ट्रॉमला नवऱ्याचं म्हणणं पटलं होतं. तिची पदवी एमडी नव्हती, डीओ होती, म्हणजे ऑस्टिओपॅथीची. रोगी तेच, औषधं तीच. वर हातांनी सांधे-स्नायू मोकळे करण्याची विद्या. रेसिडेन्सी संपत आली होती. हृदयरोगाची फेलोशिप मिळाली नाही, तर आयोवातल्या आपल्या गावात सर्दी-खोकले तपासत बसायचं होतं. शिकागोच्या मुलाखतीत तिने आपल्या विद्येचं महत्त्व इतक्या तळमळीने सांगितलं, की शेवटी एका वयस्कर डॉक्टरांनी "बाई, आम्हाला हृदयाचा डॉक्टर हवाय हो," म्हणून घड्याळ पाहिलं होतं.

इथे मिलवॉकीत विभागप्रमुख डॉ. प्रॉसर एकटेच बसले होते. बसले होते म्हणजे खुर्चीत खांबासारखे रोवले होते. तिला पाहायला त्यांनी मान न वळवता सबंध खुर्चीच फिरवली. लिओनाला दारातूनच कळलं, कुठे काय आखडलंय ते. तिने नजर खिडकीबाहेरच्या सरोवराकडे नेली.

"इतर उमेदवारांकडे नाही असं तुमच्याकडे काय आहे?"

"चिकाटी, सर."

"आणखी?"

"पुष्कळ चिकाटी."

प्रॉसर कण्हले. "हातांनी काही करता का तुम्ही?"

"विणकाम करते."

"विणकाम?"

"पायमोजे, सर."

त्यांनी कॉफीकडे हात नेला. मानेत कळ आली, कप कलंडला आणि गार झालेली कॉफी लिओनाच्या मांडीवर आली. ती निमूटपणे स्कर्ट पुसू लागली.

"मान दुखतेय हो माझी! दिसत नाही का तुम्हाला?"

"गोळी घेऊन बघा सर. नाहीतर... कुणाला तरी दाखवा."

"कुणाला तरी?" प्रॉसरांचा धीर सुटला. "अहो, मी स्वतः डीओ आहे! दुसऱ्याची मान सोडवता येते, स्वतःची नाही येत. अख्ख्या विभागात मी एकटा. तुमच्या नावापुढचं डीओ वाचून सकाळपासून वाट बघतोय, आणि तुम्ही मोजे काय विणताय!"

मग मात्र वेळ गेला नाही. प्रॉसर टाय सैल करून टेबलावर उताणे झाले. लिओनाने त्यांचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. "श्वास सोडा." कट्ट!

"अहाहा!" विभागप्रमुख ओरडले.

नेमका तेव्हाच पुढचा उमेदवार आत आला. ग्रेडी नावाचा, उंच, घामाघूम, एमडी. प्रमुख डोळे मिटून टेबलावर, त्यांचं डोकं एका बाईच्या हातात. त्याने क्षणभरच विचार केला. मग बूट काढले, कोट घडी करून ठेवला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आडवा झाला.

"मी तयार आहे, सर."

प्रॉसरांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग दुसऱ्या बाजूला वळवली. मग पुन्हा त्याच्याकडे, नुसत्या सुखाने.

डिसेंबरात निकाल लागला. जागा दोन होत्या, दोघांनाही मिळाल्या. जुलैत कामाच्या पहिल्याच दिवशी ग्रेडीने लिओनाला बाजूला घेतलं.

"एक विचारू? त्या झोपायच्या भागाला किती मार्क होते गं?"

"तुला पैकीच्या पैकी मिळाले," लिओना गंभीरपणे म्हणाली. "मी उभी होते, म्हणून माझे थोडे कापले."