कलम नऊ आणि नव्वद अंडी

रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी वाहन कार्यालयाच्या नियम शाखेचे अधीक्षक आपल्या स्कूटरवरून पडले नाहीत. पडली ती अंडी. हँडलला लटकवलेली पिशवी वळणावर आत झुकली, अधीक्षकांचा गुडघा आणि स्कूटरचा पत्रा यांच्या मधोमध सापडली आणि तीसपैकी अकरा अंडी शाबूत राहिली. उरलेल्या एकोणीस अंड्यांचा अधीक्षकांच्या उजव्या पायमोज्यात समावेश करण्यात आला.

पिशवी हँडलला लटकवण्याचं कारण असं की मागे बसलेल्या त्यांच्या बायकोच्या मांडीवर त्या वेळी पाच किलो मैदा, लोण्याचा डबा आणि केकचं एक नवंकोरं भांडं होतं. गेली सतरा वर्षं त्या स्कूटरवर सामान ठेवण्याची मुख्य सोय म्हणजे ती मांडी होती. सीटखाली डिकी होती, नाही असं नाही. पण ती भरलेली होती. कशाने, हे सतरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

"अहो, मांडी एकच आहे मला," बायको उतरून पदर झटकत म्हणाली. "आणि पुढच्या महिन्यात नव्वद अंडी आणायचीत. अशीच आणणार असाल तर मी शाळेला आत्ताच नाही म्हणून कळवते."

ती घरी केक करून विकत असे. गावातल्या शाळेला पन्नास वर्षं पूर्ण होत होती आणि मुख्याध्यापिकेने दोन बड्या बेकऱ्यांना बाजूला सारून चार थरांचा केक हिच्याकडे सोपवला होता. एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळत होतं. ते जमलं तर जमलं, नाहीतर पुन्हा जन्मभर गल्लीतले वाढदिवस होतेच.

"मागे एक पेटी बसवून घ्या," ती म्हणाली. "कोपऱ्यावरचा वेल्डर पंधरा मिनिटांत बसवतो."

"बसवेल," अधीक्षक मोजा पिळत म्हणाले. "पण कशाच्या अन्वये?"

बायकोने आकाशाकडे पाहिलं. या प्रश्नानंतर त्या घरात साधारण महिनाभर काहीही होत नसे.

अधीक्षकांचा प्रश्न मात्र रास्त होता. एकोणीस वर्षांपूर्वी, ते साधे लिपिक असताना, 'दुचाकी जोडणी नियमावली' त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती. तिचं कलम नऊ त्यांना तोंडपाठ होतं: दुचाकीस कोणतीही जोडणी करण्यापूर्वी परवानगी घ्यावी, आणि परवानगीचे मूळ कागद व दोन साक्षांकित प्रती त्याच जोडणीत, पाण्यापासून सुरक्षित अशा, कायम ठेवाव्यात. साहेबांनी तेव्हा या कलमाचं कौतुक केलं होतं. त्यानंतर ते कुणी वाचलं नव्हतं. गावात दूधवाला आपल्या स्कूटरला सहा कॅन बांधून फिरत होता, गॅसवाला सिलिंडर आडवा टाकून जात होता, आणि एक वादक तर ढोल पुढे आणि सासू मागे अशा बेताने रोज कार्यालयावरून जाई. अर्ज मात्र एकोणीस वर्षांत एकही आला नव्हता. छापील अर्जांच्या गठ्ठ्याची सुतळी अजून छापखान्यातलीच होती.

सोमवारी ती अधीक्षकांनी सोडली.

खिडकी बाहेरच्या लोकांसाठी अकराला उघडते, म्हणून ते आपल्या टेबलावरून उठले, इमारतीला वळसा घालून बाहेर आले आणि रांगेत उभे राहिले. अर्ज दिला, पोच घेतली, परत वळसा घालून आपल्या खुर्चीवर येऊन बसले. दुपारी तोच अर्ज रीतसर त्यांच्या टेबलावर आला. त्यांनी चष्मा पुसला आणि तो नि:पक्षपातीपणे वाचला. अर्जदाराचं अक्षर गचाळ होतं. पेटीचं प्रयोजन म्हणून 'सामान ठेवणे' एवढंच मोघम लिहिलं होतं. अधीक्षकांनी लाल शाईने त्रुटी काढल्या.

गुरुवारी घरी टपाल आलं. बायकोने सही करून घेतलं.

"हे तुमच्याच ऑफिसचं आहे," ती म्हणाली. "खाली सहीही तुमचीच आहे."

"बघू." त्यांनी पत्र वाचलं आणि चेहरा पाडला. "अर्ज परत आलाय."

"तुम्हीच तुम्हाला पत्र पाठवलंत?"

"रजिस्टर्डने."

"आणि नाही म्हणालात?"

"नाही म्हटलेलं नाही. खुलासा मागवलाय. माणूस कडक दिसतोय, पण बरोबर आहे त्याचं."

खुलासा गेला, प्रतिखुलासा आला. दोन्ही बाजूंनी भाषा सभ्य राहिली, एवढं त्यांच्या संसाराच्या सोयीचं झालं. दुसऱ्या आठवड्यात परवानगी मिळाली आणि वेल्डरने मागे एक देखणी पत्र्याची पेटी बसवली. पंधरा नाही, बारा मिनिटांत.

"झाली ना आता?" बायकोने झाकण उघडून आत हात घातला. दोन ट्रे सहज मावले असते. अधीक्षकांनी तिचा हात हळूच बाजूला केला आणि कलम नऊप्रमाणे परवानगीचे मूळ कागद व दोन साक्षांकित प्रती आत ठेवल्या. खुलासे धरून ते सहाशे छत्तीस कागद झाले होते. झाकण लावायला वेल्डरला वर बसावं लागलं.

"आणि अंडी?" बायकोने विचारलं.

"अंड्यांसाठी वेगळी पेटी लागेल," अधीक्षक म्हणाले. अनुभवाने माणूस शहाणा होतो, असं त्यांच्या स्वरात होतं.

दुसरी पेटी डाव्या बाजूला ठरली. परंतु एका बाजूस भार वाढवल्यास दुसऱ्या बाजूसही तेवढाच वाढवावा, असं कलम अकरा म्हणत होतं, तेही त्यांचंच. म्हणून तिसरी पेटी उजवीकडे आली. दोन्ही पेट्या जिथे बसल्या, तिथे मागच्या माणसाचे पाय ठेवायच्या पट्ट्या होत्या. त्या काढाव्या लागल्या. आणि पाय ठेवायची सोय नसलेलं आसन हे आसन धरता येत नाही, असं कलम चौदा स्पष्ट सांगत असल्यामुळे स्कूटरची नोंद दोन आसनांवरून एका आसनावर आणण्यात आली. यासाठी बाधित सहप्रवाशाचं ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक होतं.

बाधित सहप्रवासी त्या वेळी ओट्यापाशी लोणी फेसत होती.

"म्हणजे मी आता स्कूटरवर बसायचं नाही?"

"तात्पुरतं गं. सामानाची सोय व्हावी म्हणून."

"माझ्या मांडीवरचं ओझं कमी करायला निघालात आणि मलाच उतरवलंत?"

"ओझं कमी झालं की नाही?" अधीक्षकांनी पेन पुढे केलं. "इथे. 'माझी काही हरकत नाही' याच्या खाली."

तिने सही केली. का केली, हे तिला त्या वेळी सांगता आलं नसतं. कदाचित हातात रवी होती आणि ती दुसरीकडे वापरण्यापेक्षा सही बरी, असं तिला वाटलं असावं. सोमवारी ते प्रमाणपत्र लोण्याच्या डागामुळे परत आलं. तिने दुसरं दिलं.

आता पेट्या तीन झाल्या होत्या आणि एकीची दुसरीवर छाया पडत होती. डाव्या पेटीचा तोल उजवीवर, दोघींचा मिळून मागचीवर. त्यामुळे प्रत्येक पेटीत तिचे स्वतःचे कागद आणि शिवाय उरलेल्या दोघींच्या कागदांच्या प्रती ठेवणं ओघानेच आलं. अंड्यांची पेटी बुधवारी भरली. तोलाची पेटी गुरुवारी. दोन्हींत समान कागद असल्यामुळे तोल मात्र अचूक साधला.

शुक्रवारी मोटार वाहन निरीक्षक तपासणीला आले. हा अधीक्षकांच्याच कार्यालयातला माणूस, पंधरा वर्षांचा सहकारी. त्यांनी गुडघे टेकून पेट्या मोजल्या.

"साहेब, खरं सांगू? पेटी काय, लोक कपाटं लावतात. कशाला हा उपद्व्याप?"

"नियम मी लिहिलाय. मीच पाळला नाही तर कोण पाळणार?"

"तेही खरंच. मीसुद्धा पाळत नाही," निरीक्षक मोकळेपणाने म्हणाले आणि पुन्हा वाकले. "डाव्या पेटीत चार बोटं जागा शिल्लक दिसते."

अधीक्षकांचे डोळे लकाकले. "चार बोटं? एक अंडं बसेल."

"तिथे माझा तपासणी अहवाल."

अहवाल बसला. कागद कुणी काढू नयेत म्हणून तिन्ही पेट्यांना लाखेचं सील लागलं. सील तुटल्यास परवानगी रद्द, या सूचनेची अधीक्षकांनीच निरीक्षकांना आठवण करून दिली. संध्याकाळी कार्यालयात टाळ्या वाजल्या. गावातली नियमात बसणारी ती पहिली आणि एकमेव स्कूटर होती. साहेबांनी तिचा फोटो भिंतीवर लावायला सांगितला.

शनिवारी सकाळी अधीक्षक ऐटीत अंडीवाल्याच्या दुकानासमोर येऊन थांबले. बायको बसने आली होती आणि आधीच पोचली होती. नव्वद अंडी तीन ट्रेंमध्ये मोजून तयार होती. केक रविवारी दहाला शाळेत हवा होता. म्हणजे अंडी आत्ता, बाराच्या आत, घरात हवी होती.

अंडीवाल्याने पहिला ट्रे उचलला आणि स्कूटरभोवती एक फेरी मारली. मग उलट दिशेने दुसरी मारली.

"साहेब, पेट्या तीन आहेत. ठेवू कुठे?"

"त्या भरल्यात."

"काय आहे त्यांत?"

"परवानगी."

"कशाची?"

"पेट्यांची."

अंडीवाल्याने ट्रे खाली ठेवला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती रडते आहे की हसते आहे हे अधीक्षकांना कळेना. त्यांनी घाईघाईने हँडलकडे पाहिलं. हँडलला एक पिशवी लटकवता आली असती.

"हात लावू नका," बायको म्हणाली. "एकाही अंड्याला हात लावू नका."

तेवढ्यात दूधवाला रतीब घालून परत येत होता. सहा कॅन रिकामे, खळखळत. काय झालं ते त्याने दोन वाक्यांत ऐकून घेतलं आणि स्कूटर स्टँडवर चढवली.

"एवढंच ना, ताई? थोडा पेंढा द्या हो शेठ." त्याने कॅनच्या तळाशी पेंढा घातला, त्यावर अंडी, त्यावर पेंढा. साठ अंडी चार कॅनमध्ये गेली. "राहिलेला ट्रे तुम्ही धरा मांडीवर. बसा मागे. पाय इथे ठेवा, या दोन कॅनच्या मधे. सगळे तिथेच ठेवतात."

"अगं, पण त्याच्याकडे परवानगी..." अधीक्षक म्हणाले.

"माझी हरकत नाही," बायको म्हणाली. "लेखी हवंय?"

दूधवाल्याची स्कूटर निघाली. मागोमाग अधीक्षक निघाले. चौकात निरीक्षक उभे होते. त्यांच्यासमोरून सहा कॅन, एक बाई आणि मांडीवरची तीस अंडी हात हलवत निघून गेली. निरीक्षकांनीही हात हलवला. मग तोच हात आडवा करून त्यांनी अधीक्षकांना थांबवलं.

"कागद, साहेब."

"अहो, कालच तर तुम्ही... आणि तो दूधवाला गेला त्याचं काय?"

"त्याच्याकडे कागदच नाहीत. काय तपासू?" निरीक्षक अजिजीने म्हणाले. "अख्ख्या गावात तपासता येईल अशी ही एकच गाडी आहे. तिलाही सोडली तर माझं काम काय राहिलं?"

कागद पाहायचे तर सील तोडावं लागत होतं, आणि सील तोडलं तर परवानगी रद्द होत होती. यातून मार्ग काढण्यात दोघांचे पावणेदोन तास गेले. शेवटी सील साक्षीदारांसमोर तोडून, पुन्हा लावून, तसा पंचनामा करायचं ठरलं. पंचनामा अकरा पानी झाला. तो कुठल्याच पेटीत मावेना.

"हँडलच्या पुढे जागा आहे, साहेब," निरीक्षक सुचवते झाले. "एक छोटीशी चौथी बसेल."

अधीक्षक घरी पोचले तेव्हा ओट्यावर नव्वद अंड्यांची नव्वद टरफलं होती आणि भट्टी तापलेली होती. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, तोंड भरून हसली आणि हातात चाळणी दिली. ते मुकाट्याने मैदा चाळू लागले. रविवारी केक दहाला पाच मिनिटं कमी असताना शाळेत पोचला. दूधवाल्याने दोन खेपा केल्या. मुख्याध्यापिकेने तिथल्या तिथे पुढच्या वर्षीचंही काम सांगितलं.

"एक विचारू?" परतताना, बसमध्ये, बायको म्हणाली. अधीक्षक तिच्या शेजारी बसले होते आणि केकची चारही रिकामी भांडी त्यांच्या मांडीवर होती. "सतरा वर्षं झाली, त्या सीटखालच्या डिकीत आहे तरी काय?"

अधीक्षकांनी घरी येऊन डिकी उघडली. आत एका बाहीचा रेनकोट, सहा वर्षांपूर्वी संपलेल्या विम्याची प्रत, वाळून कडक झालेलं फडकं, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका आणि एक नट होता, जो कुठून निघाला ते ठाऊक नसल्याने टाकवत नव्हता. हे सगळं बाहेर काढल्यावर तिथे अंड्यांचे दोन ट्रे आरामात बसले असते. त्यांनी ते सगळं नीट घडी करून परत आत ठेवलं आणि सीट बंद केली. लागलं तर असावं.

अधीक्षकांना हसलेल्या सर्व वाचकांना विनंती की त्यांनी खाली जाऊन आपापल्या स्कूटरची डिकी उघडावी. आत जे सापडेल ते बाहेर काढण्याची सक्ती नाही. तुम्ही काढणारही नाही. फक्त परत येताना, मागे जे माणूस बसतं, त्याच्या मांडीवर काय काय ठेवलंय तेवढं मोजावं, आणि त्याच्याकडून ना हरकत कधी घेतली होती, ते आठवून पाहावं.