प्रेसखालचा टोफू

“माझ्या प्रेसखाली सरळ होणार नाही अशी वस्तू अजून जन्माला यायची आहे!” असं नाना नेहमी म्हणत, आणि चाळीस वर्षं पुस्तकं बांधणाऱ्या माणसाला ते शोभतही असे. वाकडं राहिलं होतं ते एकच नातं. लेकीच्या लग्नाच्या दिवशीच त्यांनी जावयाला चारचौघांत सुनावलं होतं, “तुम्ही पुस्तकं स्कॅन करत सुटणार आणि आम्ही बांधणारे हवा खाणार!” तेव्हापासून अकरा महिने लेकीने माहेरचा उंबरठा ओलांडला नव्हता.

आज दोघं जेवायला येणार होती. जावई मांस, अंडं, दूध कशालाच शिवत नसे. म्हणून थाई पद्धतीची, नारळाच्या दुधातली, टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, घातलेली करी. आणि ती करणार स्वतः नाना! तोंडाने माफी मागणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. करी जमण्याची निदान शक्यता होती.

“टोफूतलं पाणी काढायला वर ताटली ठेवा, ताटलीवर डबा,” बायकोने कृती वाचून दाखवली. “पंधरा मिनिटं.”

“घरात पुस्तकं दाबायची एवढी लोखंडी प्रेस असताना डबा?”

फडक्यात गुंडाळलेला टोफू घेऊन नाना बाहेरच्या खोलीत गेले आणि त्यांनी प्रेसचं चाक फिरवलं. पाण्याची धार लागली. नानांना चेव आला. आणखी एक फेरा!

मग ते चुलीकडे वळले. मिरच्या आणि गवती चहा वाटता वाटता डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण पाटा सोडला नाही.

“नारळाचं दूध उकळू नका हो, फुटेल!”

“माझ्या हातून आजवर काही फुटलेलं नाही!”

दूध फुटलं. नानांनी दात-ओठ खात नव्याने नारळ खवला आणि पहारेकऱ्यासारखे पातेल्याशी उभे राहिले. या धुमश्चक्रीत टोफू दोन तास प्रेसमध्येच राहिला. बाहेर निघाला तेव्हा तीन बोटांची जाडी एका बोटावर आली होती. सुरी त्यावरून घसरली.

“अहो, दुसरं पाकीट आहे ना!”

“माघार मी घेत नसतो,” असं म्हणून नानांनी पुठ्ठे कापायचा सुरा घासूनपुसून आणला आणि शिस्तीत चौकोनी तुकडे पाडले.

जावयाने पहिला घास घेतला. चावला. चावतच राहिला. मग त्याचा चेहरा उतरला.

“नाना... हे मांस आहे.”

लेक ताडकन उठली. “अकरा महिन्यांनी आलो, आणि तुम्ही असा सूड उगवलात?”

“अगं, टोफूच आहे तो!”

“टोफू कधी असा चावावा लागतो का?”

“खरंच टोफू आहे गं,” आई म्हणाली. “यांनी त्याचा जीव घेतलाय, एवढंच.”

“तू त्यांचीच बाजू घेणार!” लेकीने पर्स उचलली.

नानांनी जावयाचं मनगट धरलं. “चला! स्वतःच्या डोळ्यांनी बघा!”

दुसरं पाकीट फोडून त्यांनी टोफू प्रेसखाली ठेवला. “फिरवा!”

जावयाने संशयानेच चाक फिरवलं. पाणी ठिबकलं. त्याने पुन्हा फिरवलं, धार लागली. त्याचे डोळे लकाकले.

“आणखी एक फेरा देऊ?”

“द्या, पण दमाने! घाई केली की कडा फाटतात.” नाना क्षणभर घुटमळले. “लग्नाच्या दिवशी मी जे बोललो ना, ते...”

“असू द्या हो, नाना. आधी हा फेरा पुरा करू.”

तासाभराने दोघं कोपरापर्यंत भिजून, एक पांढरी फरशी मिरवत आत आले. जावयाने तिचा कोपरा तोडून चावला. “बघ, अगदी तस्साच! टोफूच होता गं!”

नवरा प्रेसपाशी रमलेला पाहून लेक पर्स ठेवून परत बसली होती, आणि मायलेकी टोफूचे तुकडे बाजूला सारून करी-भात जेवून मोकळ्या झाल्या होत्या. लेकीने नवऱ्याकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

“नाना, पुढच्या रविवारी तुम्ही आणि आई आमच्याकडे जेवायला या. आणि हात हलवत या! घरून काहीही करून आणायचं नाही. ऐकताय ना?”

एवढं तोडून कुणी बोललं, तर नाना एरवी आठवडाभर धुमसले असते.

“किती वाजता येऊ?” त्यांनी विचारलं.