वरणातला पापड

आमच्या शेजारच्या सुखदेवमामांच्या घरी कुरकुरीत पापड खायला बंदी आहे. मामी तो व्यवस्थित भाजते, ताटात वाढते आणि लगेच वरणात बुडवते. त्याचा लगदा झाला की मामा समाधानाने उचलतात. एकदा मला त्यांनी जेवायला बोलावलं होतं. मी नकळत पापड मोडला, तर मामांनी दोन्ही हात कानांवर ठेवून माझ्याकडे असं पाहिलं, की उरलेला तुकडा मी मुकाट्याने वरणात सोडला.

मामा चिकलठाण्यात आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. मूळचे मेंढरं राखणाऱ्या घरातले. तरुणपणी काठी सोडून इथल्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर लागले आणि निवृत्तीपर्यंत तिथंच घणघणत राहिले. कारखान्यात कानात घालायला बोळे मिळायचे, ते मामा खिशात ठेवायचे. त्यानं माणूस बहिरा होतो, असं त्यांचं शास्त्र होतं. नोकरी संपली आणि कानात शिट्टी सुरू झाली. बारीक, न थांबणारी. तिच्या जोडीला बाहेरचा प्रत्येक आवाज टोचायला लागला.

माणसाला असा त्रास झाला तर तो बिचारा गप्प बसतो. मामांनी कानात कापूस कोंबला आणि वसाहत गप्प करायला घेतली. 'बेतानं घ्या' हा त्यांचा मंत्र. स्कूटरला किक मारणाऱ्याला बेतानं घ्या, कुकरला बेतानं घ्या, आरतीत झांज वाजवणाऱ्याला बेतानं घ्या. एकदा माझ्या शिंकेलाही हाच सल्ला मिळाला. गंमत अशी, की आयुष्यभर प्रेसच्या वर आवाज काढून बोलल्यामुळे मामांचं स्वतःचं 'बेतानं' पलीकडच्या विमानतळाच्या भिंतीपर्यंत जातं. आमच्या गल्लीत सगळ्यात मोठा आवाज कशाचा असेल, तर मामांनी शांततेची मागणी करण्याचा.

रोजच्या भाजीवाल्याला त्यांनी एकदा अडवलं आणि ओरडायचं नाही म्हणून बजावलं. तो शांतपणे म्हणाला, "चाचा, चिल्लाऊंगा नै तो मेथी कैसी बिकेगी?" मामांनी त्याला समजावून सांगितलं, की त्यानं घरोघर जाऊन कडी न वाजवता उभं राहावं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं आमची गल्ली सोडली. तेव्हापासून मेथीसाठी आम्ही सगळे मुख्य रस्त्यापर्यंत चालत जातो आणि वाटेत मामांबद्दल जे बोलायचं ते बोलतो.

शेवटी मीच त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. परोपकार वगैरे काही नाही, माझ्या घरातला मिक्सर वाचवायचा होता. तिथं त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं आणि आवाज ऐकू आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. मामांनी बटण दाबलं ते सोडलंच नाही. तपासणाऱ्या बाईंनी बाहेरून हात हलवला, तर आतून मामा ओरडले, "वाजतच हाये की. तुम्ही बंद करा, मग मी बी सोडतो."

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं सांगितलं, की वर्षानुवर्षांच्या गोंगाटानं आतल्या नाजूक पेशी झिजल्यात, शिट्टी बंद करणारं औषध नाही. दिवसभर कापूस कोंबू नका, त्यानं कान आणखी हळवे होतात. अगदी सामसुमीत बसू नका, काहीतरी मंद आवाज सोबतीला असू द्या. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर कापसाचा नवा बोळा कानात घालत निकाल दिला, "डाक्टरलाच ऐकू येत नाय."

मामीचं मात्र मला नवल वाटायचं. तिनं स्टीलची भांडी माळ्यावर टाकून प्लास्टिकची आणली. जोडवी काढता येईनात म्हणून मोजे घालून फिरायला लागली. बांगड्या वाजू नयेत म्हणून त्या पार कोपरापर्यंत चढवल्या. पुढं पुढं बोलणंही बंद झालं. चहा हवा का, हे ती भुवई उचलून विचारायची. या नवराबायकोचं भांडण कधी ऐकू येत नाही, असं गल्लीत कौतुक व्हायचं.

मागच्या महिन्यात मामी देवगाव रंगारीला भावाकडे गेली. मामांनी तिला निघताना सांगितलं, की घाईनं परत यायची गरज नाही, मला जरा शांतता मिळू दे. मिळाली. दुसऱ्याच दिवशी दुपारी मामा आमच्या ओट्यावर येऊन बसले. तिसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दाराशी सरकले. आत माझी बायको भांडी घासत होती, आणि तिनं पातेलं आपटलं तरी हे हलेनात. मी संधी सोडणार नव्हतो. म्हटलं, मामा, इथं लई गोंगाट आहे, घरी जाऊन पडा की.

मामांनी कानातला कापूस काढला आणि हातात चुरगाळत बसले.

"घरात शिट्टी लई मोठी झाली," ते म्हणाले. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकत होतो. "तुझी मामी व्हती तवर कळलं नाय. ती जोरात बोलली तं सहन व्हत नाय. हळू बोलली तं ऐकू येत नाय. मी दोन्हीला खेकसलो. मग ती बोलायचीच थांबली."

मी गाडीची किल्ली घेतली.

देवगावच्या वाटेवर दौलताबादच्या वेशीत नेहमीप्रमाणे कोंडी होती. मागचा ट्रक जीव खाऊन हॉर्न वाजवत होता. मामांनी खिडकीची काच वर केली, डोळे मिटले आणि एका शब्दानंही कुणाला हटकलं नाही.

देवगावात मामीच्या भावाच्या वाड्यापाशी पोचलो. बाहेरच्या बाजूला मेंढरांचं कुंपण होतं, आणि आत मामी भावजयीशी बोलत होती. बोलत काय, नुसती वाहत होती. कुठली मेंढी व्याली, कुठलं कोकरू आईला लुचत नाही, कुणाच्या सुनेनं काय केलं. तिचा आवाज असा भरदार आहे, हे इतकी वर्षं शेजारी राहून मला माहीत नव्हतं. मामा कुंपणाबाहेर उभे राहिले, नीट ऐकू यावं म्हणून त्यातल्या त्यात चांगला कान तिकडं करून.

मामीचं लक्ष गेलं. वाक्य अर्ध्यात तोडून ती पदर सावरत उठली आणि भुवई उचलली.

"खुणा नको करू," मामा म्हणाले. "त्या कोकराचं काय झालं?"

मामीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. किती मोठ्यानं बोलावं, ते तिला ठरवता येत नव्हतं.

"पाजावं लागतंय बाटलीनं," ती पुटपुटली.

"नाय आलं ऐकू."

"बाटलीनं पाजतोय म्हणलं."

मामांचा चेहरा कळ आल्यासारखा आकसला. हात कानाकडे निघाला. तो त्यांनी कुंपणाच्या काटकीवर ठेवला आणि म्हणाले, "आणिक सांग."