काजव्याचा कंबरपट्टा

उजव्या हातात सुई आणि डाव्या हातात सोल्डरिंग गन धरणारी बाई अख्ख्या डोंबिवलीत एकच, आणि ती मी! जन्मभर शाळेत शिवण शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर भजनी मंडळाऐवजी रेडिओ दुरुस्तीच्या वर्गात नाव घातलं. तिथे बाकी सगळी नुकती मिसरूड फुटलेली मुलं. पण माझं काम बघून मास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही सोल्डरिंग करत नाही, काजं करता!"

तेव्हापासून आमच्या इमारतीतल्या मुलांना मी दर रविवारी दिव्यांचे कपडे शिवायला शिकवते. लुकलुकणारी टोपी झाली, खिशात हात घातला की वाजणारी चड्डी झाली. चड्डीबद्दल तक्रारी आल्या, पण तो विषय वेगळा.

सव्वीस जानेवारीला आमच्याकडे सोसायटीचा सत्यनारायण असतो आणि प्रसाद झाला की मुलांची वेशभूषा स्पर्धा. चौथीतली चित्रा महिनाभर आधीच माझ्याकडे आली.

"बाई, मला काजवा करा."

ही चित्रा गेल्या वर्षी पोस्टमन होऊन स्टेजवर गेली होती, आणि एक शब्दही न बोलता रडत खाली उतरली होती. यंदा तिने स्वतः चार ओळी रचल्या होत्या आणि काही झालं तरी त्या म्हणायच्याच, असा चंग बांधला होता.

"काजवा? असा काजवा करते की लोक गॉगल लावून बघतील!" मी म्हटलं.

माझी कल्पना साधी होती. जुन्या शालूची खरी जर म्हणजे धातूची तारच. तिच्यातून वीज मजेत जाते! मी माझ्या लग्नातल्या शालूचे काठ कापायला घेतले. आमच्या अण्णांनी, म्हणजे यजमानांनी, पेपरातून डोकं वर काढलं.

"शालूचं काय हवं ते कर. माझ्या धोतरात तेवढी वीज सोडू नकोस."

काळ्या सॅटिनचं जाकीट शिवलं. पंखांवर बारीक लाल दिवे, खिशात पेन्सिल सेल, आणि वायरींच्या जागी सगळीकडे जरीचे पट्टे. दोन पट्टे पोटावरून, एकमेकांना न शिवता, थेट तळहातांपर्यंत नेले. चित्राने नमस्कार केला की तळहात जुळणार, जर जरीला टेकणार, दिवे लागणार! शिवाय कल्याणहून आणलेल्या दाराच्या बेलचं पोट फाडून तीही आत बसवली. पहिल्यांदा वाजली की चिमणी, दुसऱ्यांदा कोकीळ, तिसऱ्यांदा आरती, आणि मग पुन्हा चिमणी. चित्रा नमस्कार करणार एकदाच. म्हणजे चिमणीच!

"पण बाई, काजवा चिवचिवतो का?"

"आपला चिवचिवतो."

"मग मी माझ्या ओळी कधी म्हणायच्या?"

"म्हण की नंतर! आणि विसरलीस तरी बिघडत नाही. ड्रेस बोलेल."

"मी नाही विसरणार," चित्रा गाल फुगवून म्हणाली.

सव्वीस तारखेला आरती झाली, शिऱ्याचे द्रोण फिरले. आमचे सेक्रेटरी भाऊ माइकवर गरजले, "आता येत आहे कुमारी चित्रा! दिवे घालवा!" मी पहिल्या रांगेत ताठ बसले. चित्रा आली आणि माझ्या घशात शिरा अडकला. काजव्याच्या पोटावर हा भला थोरला पिवळाधमक कंबरपट्टा!

टिटवाळ्याहून आलेल्या तिच्या आजी, मनुबाई, शेजारूनच अभिमानाने म्हणाल्या, "मीच घातला मघाशी. पोर चारचौघांत जाणार, ती काय लंकेची पार्वती दिसू द्यायची?"

"अहो मनुबाई, काजवा आहे तो!"

"मग? मुलीची जात आहे ना?"

तो धातूचा पट्टा नेमका जरीच्या दोन्ही पट्ट्यांवर टेकून त्यांना जोडत होता. चित्राने श्वास घेतला की टेकायचा, सोडला की सुटायचा!

तिने तोंड उघडलं. "सूर्य झोपला..."

चिवचिवचिव!

"कोण आलंय बघा रे!" मागून कुणीतरी ओरडलं.

"सूर्य झोपला, चंद्र..."

कुहू! कुहू!

आणि तिसऱ्या श्वासाला आरती सुरू झाली.

आता आरती लागल्यावर बसून कोण राहील? सगळी सोसायटी उठली. टाळ्या सुरू झाल्या. शिरा खाणाऱ्या गुरुजींनी द्रोण ठेवला, हात पुसले आणि सवयीने सूर लावला. कुणीतरी विझलेलं निरांजन पुन्हा पेटवलं. तेवढ्यात चित्रा हलली. चिवचिवचिव! लोक गोंधळून बसले. कुहू! कुणी हसलं. पुन्हा आरती, पुन्हा सगळे उभे! पी.टी.च्या तासालासुद्धा एवढ्या उठाबशा होत नाहीत. गुडघेदुखीवाले काळुराम काका म्हणाले, "अहो, एकदाच काय ती पुरी तरी होऊ द्या!"

चित्राचा खालचा ओठ थरथरायला लागला. गेल्या वर्षीही तो असाच थरथरला होता. मी धडपडत स्टेजवर चढले आणि कंबरपट्ट्याचा फासा ओढायला लागले. पण मनुबाईंनी तो दोऱ्याने शिवून टाकला होता. तोही दुहेरी!

"बाई, सोडा," चित्रा म्हणाली.

तिने जाकिटाची बटणं काढली, पट्ट्यासकट सगळं अंगावरून उतरवलं आणि माझ्या हातात कोंबलं. आत साधा निळा फ्रॉक. ती पुढे झाली आणि कमरेवर हात ठेवून ओरडली, "आधी सगळे खाली बसा!"

गुरुजींसकट सगळे बसले.

"सूर्य झोपला, चंद्र दडला,
रानात सगळा अंधार पडला.
घाबरू नका हो, मी इथे आहे,
पोटात माझ्या दिवा आहे!"

पोटात कसला दिवा? पण तिने अशा काही ऐटीत सांगितलं की लोकांना तो दिसला असावा. टाळ्यांनी मांडव दणाणला. मनुबाई डोळे पुसत म्हणाल्या, "तरी बिनदागिन्याची उभी आहे हो!"

परीक्षक ठाण्याहून आलेले होते. त्यांनी चष्मा सावरत निकाल वाचला. "पहिला क्रमांक, चित्रा. वेशभूषा अगदी साधी, पण धिटाई फार मोठी!" चित्राने उडी मारली. मीही मारली असती, पण मी अजून स्टेजच्या कोपऱ्यात ते जाकीट पोटाशी धरून उभी होते. सेल काही केल्या निघत नव्हते. दिवे लुकलुकत होते आणि आरती तिसऱ्यांदा चालू होती.

"आणि उत्तेजनार्थ बक्षीस," परीक्षक माझ्याकडे कौतुकाने बघत म्हणाले, "या आजींना. सत्यनारायणाचं मखर इतकं हुबेहूब मी कुठेच पाहिलं नाही."

अण्णा टाळ्या वाजवत उभे राहिले.

मी काय करणार? स्टीलची वाटी होती. घेतली.